तार आपल्या मापाची घ्या



या सदरात आम्ही आजवर रेशनकार्डापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत आणि पतपेढीच्या व्याजापासून लग्नातल्या वायफळ खर्चापर्यंत बरेच विषय मांडले. यावेळचा विषय ऐकून काही जण हसतील. विषय आहे बेस गिटारच्या तारा, आणि त्याही आखूड बेस गिटारच्या, जिला 'शॉर्ट स्केल' म्हणतात. "आता हे काय नवीन काढले?" असे म्हणण्याआधी थोडे थांबा. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी भीमगीतांच्या पार्टीत वाजवते, त्या घराला हा खर्च चुकत नाही. ज्यांच्या घरी वाद्य नाही त्यांनीही वाचावे. कष्टाचा पैसा अर्धवट माहितीपायी कसा वाया जातो आणि त्याबरोबर एखाद्या मुलीचा उत्साह कसा मावळतो, हे सर्वांनाच कळायला हवे.

आमच्या वस्तीतल्या मुलामुलींनी तीन वर्षांपूर्वी एक गायन पार्टी उभी केली. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत, तेव्हा ढोलकी, टाळ आणि तुणतुणे एवढ्यावर रात्र जागत असे. आताच्या मुलांकडे ढोलकीबरोबर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गिटार असते. काळ बदलला, वाद्ये बदलली, काम मात्र तेच आहे. या पार्टीसाठी वर्गणीतून एक जुनी बेस गिटार घेतली. ती वाजवते आमची भाची. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, लहान चणीची, हाताची बोटे आखूड. गिटारही आखूड, त्यामुळे दोघींचे चांगले जमले.

ज्यांना बेस गिटार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार, आणि त्या चांगल्याच जाड. साध्या गिटारच्या खालच्या चार सुरांच्याही एक सप्तक खाली हिचा आवाज. गाणे ऐकताना ही वेगळी ऐकू येत नाही. पण वाजायची थांबली की गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. घराचा पाया जसा कुणी पाहत नाही, पण घर उभे त्याच्यावरच असते, तसे हे वाद्य.

आता झाले काय ते सांगतो. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता. गिटारच्या तारा गंजून काळ्या पडलेल्या. भाची म्हणाली, "मामा, तारा बदलायला हव्यात. मी वाजवते, पण आवाज मेल्यासारखा येतो." मंडळाचे खजिनदार आम्हीच. शनिवारी शहरातल्या एका दुकानात गेलो आणि म्हणालो, "बेस गिटारच्या तारा द्या." दुकानदाराने पाकीट पुढे टाकले. किंमत सतराशे रुपये. घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले आणि मोठा व्यवहार केल्याच्या समाधानात घरी आलो. पाकिटावर 'लाँग स्केल' असे छापलेले होते. आम्ही ते वाचलेही होते. पण लांब असली तर बरेच, जास्तीची कापून टाकू, असा आमचा हिशेब. सदऱ्याचे कापड घेताना आपण वीतभर जास्तच घेतो, तसा.

बेसची तार म्हणजे कापड नव्हे, हे तेव्हा कळले नाही. ही तार सगळीकडे सारखी जाड नसते. आत पोलादी तारेचा गाभा आणि त्यावर दुसऱ्या तारेचे घट्ट वेटोळे, अशी तिची घडण. एका टोकाला ब्रिजमध्ये अडकवायची धातूची गोळी. दुसऱ्या टोकाकडे तार बारीक होत जाते, बऱ्याचदा त्या भागावर रंगीत धागा असतो. खुंटीला गुंडाळायचा तो हा बारीक भाग. आमच्या आखूड गिटारवर लांब मापाची तार लावली तेव्हा बारीक भाग खुंटीच्या पलीकडे गेला आणि जाड भाग खुंटीवर आला. आम्ही पक्कड घेतली, बारीक भाग सगळा छाटला आणि सळईसारखी जाड तार जोर लावून खुंटीवर वळवली. तीही वळवायच्या आधी कापली. त्यामुळे कापलेल्या टोकापासून वरचे वेटोळे सैल पडले.

पहिल्या दिवशी तार सुरात राहीना. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बोदा झाला. तिसऱ्या दिवशी सराव चालू असताना सर्वांत जाड तार खुंटीपाशी तडकली. बाकीच्या तीनही प्रत्येक गाण्याला उतरू लागल्या.

सराव विहारात चालतो. तिथे आमचे एक जुने कार्यकर्ते बसले होते. मनाने चांगले, चळवळीसाठी पुष्कळ केलेले. ते म्हणाले, "अहो, ही खेळण्यातली गिटार आहे. विकून टाका आणि मोठी घ्या. मोठी काही हिला झेपायची नाही, ती एखाद्या पोराच्या हातात द्या. हिला कोरसमध्ये उभी करा." कुणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, हे इथे कबूल करतो. भाचीने गिटार खोळीत घातली आणि कोपऱ्यात उभी केली. घरी जाताना तिने एकच वाक्य म्हटले, "मामा, माझ्यामुळे मंडळाचे पैसे गेले."

चूक आमची आणि अपराधी वाटले तिला. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आपल्या घराघरांत हे असेच चालते. मुलाच्या हातून वस्तू बिघडली तर वस्तू वाईट होती. मुलीच्या हातून बिघडली तर तिला ते जमणारच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाचीला आणि पार्टीतल्या गायकाला घेऊन आम्ही एका गृहस्थांकडे गेलो. त्यांचे आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये गेले, आता घरीच वाद्ये दुरुस्त करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्केल किती?" आमचा गायक झटकन म्हणाला, "काळी दोन." ते खूप हसले. "अरे बाबा, तुझ्या गळ्याची पट्टी नाही विचारत. गिटारची लांबी विचारतोय." आपल्याकडे पट्टी म्हणजे गायकाचा सूर, पट्टी म्हणजे शाळेतली फूटपट्टी, आणि दोन्हींना स्केलच म्हणतात. त्या दिवशी गाडी फूटपट्टीवर आली आणि सगळा उलगडा झाला.

वाचकहो, हे माप कसे घ्यायचे ते लिहून ठेवा. गिटारच्या मानेच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथे खाचांची एक आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेपने मोजा आणि दुप्पट करा. तेच स्केल. आमच्या गिटारचे अंतर १५ इंच भरले, म्हणजे स्केल ३० इंच, साधारण ७६ सेंटीमीटर. हीच शॉर्ट स्केल. ३२ इंच असेल तर मीडियम आणि ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटीमीटर, असेल तर लाँग. दुकानात न विचारता मिळते ती बहुधा ३४ इंची गिटारची तार.

मग भाचीने मनातला प्रश्न विचारला, "काका, ही खरंच खेळण्यातली आहे का?" त्यांनी डोके हलवले आणि गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्यातल्या काही आम्ही नंतर पडताळून घेतल्या.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. ती ३४ इंची होती आणि पुढे तेच माप रूढ झाले. पण १९५३ मध्ये गिब्सन कंपनीने काढलेली बेस साडेतीस इंची होती. जर्मनीच्या होफनर कंपनीने १९५६ च्या सुमारास व्हायोलिनच्या आकाराची ३० इंची बेस काढली. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये तीच विकत घेतली. लिव्हरपूलच्या साध्या घरातला हा मुलगा, आई सुईण, वडील कापसाच्या व्यापारात नोकरीला. मोठी फेंडर शंभर पौंडांच्या घरात होती, ती परवडेना. होफनर तीस पौंडांच्या आसपास मिळाली. खिशाला परवडली म्हणून घेतलेल्या त्या आखूड गिटारवर वाजवलेली गाणी जगाने ऐकली. ती गिटार १९७२ मध्ये चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडून मॅकार्टनी यांच्याकडे परत आली. २०२४ मध्ये ही बातमी जगभर गाजली. खेळण्यासाठी कुणी इतकी शोधाशोध करील काय?

फेंडर कंपनीनेही १९६६ मध्ये 'मस्टँग' नावाची ३० इंची बेस काढली. टॉकिंग हेड्स या अमेरिकन वाद्यवृंदातल्या टीना वेमथ या स्त्री-वादकाने ती वाजवून नाव मिळवले. क्रीम या इंग्लंडच्या त्रिकुटातले जॅक ब्रूस गिब्सनची आखूड बेस वाजवत. हे ऐकताना भाचीचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

आखूड गिटारचा फायदा बोटांना होतो. हात पसरून पहिल्या चार फ्रेटपर्यंत पोहोचायला ३४ इंची गिटारवर सुमारे १७.८ सेंटीमीटरचा टप्पा आहे, ३० इंचीवर १५.७. दोन सेंटीमीटर फार वाटत नाहीत, पण दोन तास सराव करणाऱ्या करंगळीला विचारा.

मात्र आखूडपणाची किंमतही आहे. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो, लांबी, ओढ आणि वजन. मरीन मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्ये हा नियम मांडला. त्याचे गणित आम्ही बी.कॉम.च्या भाषेत सांगतो. तीच तार, तोच सूर, पण लांबी ३४ ऐवजी ३० इंच केली, तर तारेवरची ओढ रुपयाला २२ पैशांनी कमी होते. म्हणजे तार सैल पडते. सैल तार फ्रेटवर आपटून खरखरते आणि सर्वांत खालचा सूर गुळगुळीत होतो. म्हणून आखूड बेसला तार निवडताना जास्त काळजी घ्यावी लागते. लांब गिटार कोणतीही तार थोडीफार सांभाळून घेते, आखूड गिटार चूक लगेच दाखवते.

आता निवड कशी करायची ते क्रमाने सांगतो.

पहिले पाहायचे ते तारेच्या जाड भागाची लांबी. स्केल ठाऊक झाले म्हणून काम संपत नाही. ब्रिजमध्ये जिथे तारेची गोळी अडकते, तिथपासून नटपर्यंत मोजा. आमच्या गिटारचे हे अंतर साडेएकतीस इंच भरले. नटपासून जाड तारेच्या खुंटीपर्यंत आणखी सव्वादोन इंच. म्हणजे तारेचा जाड भाग साडेएकतीस इंचांच्या पुढे, पण पावणेचौतीसच्या आत संपायला हवा. तो खुंटीवर चढला तर आमच्यासारखी गत होते. उलट तो नटच्या अलीकडेच संपला, तर बारीक भाग वाजणाऱ्या लांबीत येतो आणि तारेत जीव राहत नाही. काही गिटारींत, उदाहरणार्थ होफनरमध्ये, तारा ब्रिजच्या बऱ्याच मागे वेगळ्या पट्टीला अडकवतात. काहींत पाठीमागून लाकडातून ओवतात. तिथे ३० इंची स्केल असूनही तार जास्त लांब लागते. म्हणून नुसते 'शॉर्ट स्केल' म्हणू नका, दोन्ही मापे कागदावर लिहून दुकानात न्या.

दुसरे, जाडी. तिला गेज म्हणतात आणि ती इंचाच्या हजारांशात मोजतात. पाकिटावर ४५, ६५, ८०, १०० असे आकडे असतात. १०० म्हणजे इंचाचा दहावा भाग, अडीच मिलिमीटर. गमावलेली ओढ सगळी भरून काढायची तर १०० ची तार ११३ पर्यंत न्यावी लागेल. पण तार जाड झाली की ताठ होते. ताठ तार आखूड लांबीत मोकळी थरथरत नाही, आवाज दबतो आणि नटच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात. म्हणून पुष्कळ जण मधला मार्ग घेतात, ४५ ते १०५ किंवा ५० ते १०५ चा संच. ज्याची बोटे कोवळी आहेत आणि जो नुकताच शिकतो आहे, त्याने ४० ते ९५ चा हलका संच घेतला तरी काही बिघडत नाही. हलक्या हाताने वाजवणाऱ्याला सैल तारही साथ देते.

तिसरे, वरचे वेटोळे. ते गोल तारेचे असेल तर त्याला राउंडवाउंड म्हणतात. आवाज खणखणीत, पण बोट सरकताना खरवडल्यासारखा आवाज येतो, फ्रेट लवकर झिजतात आणि खाचांत घाम-मळ साचून तार मरते. वेटोळे चपट्या पट्टीचे असेल तर ते फ्लॅटवाउंड. हात लावला तर गुळगुळीत, आवाज गोल आणि घुमणारा. ही महाग असते, पण टिकते फार. शिवाय फ्लॅटवाउंड तारा बहुधा जरा जास्त ओढीच्या असतात, त्यामुळे आखूड गिटारचा सैलपणा बराच भरून निघतो. वर काळे नायलॉन गुंडाळलेल्या ताराही मिळतात, त्या बोटांना सर्वांत मऊ.

चौथे, धातू. विजेवर चालणाऱ्या बेसमध्ये तारेखाली चुंबकाचे पिकअप असतात. त्यांना पोलाद किंवा निकेलचा मुलामा दिलेले पोलाद लागते. ब्राँझच्या तारा पोकळ लाकडी बेससाठी असतात. त्या चुंबकाला नीट जाणवत नाहीत आणि आवाज क्षीण येतो. दुकानदाराने स्वस्त म्हणून दिल्या तरी घेऊ नका.

आम्ही काय घेतले? गृहस्थांनी सल्ला दिला की तुमच्याबरोबर ढोलकी आहे, तेव्हा खणखणाटापेक्षा घुमारा हवा. म्हणून शॉर्ट स्केलचा फ्लॅटवाउंड संच, ४५ ते १०५. दोन हजार नऊशे रुपये. आकडा ऐकून आमचा हात खिशापाशी थांबला. पण राउंडवाउंड संच पहिल्यासारखा वाजता ठेवायचा तर तो वर्षातून दोनदा तरी बदलावा लागला असता. म्हणजे वर्षाला चौतीसशे. फ्लॅटवाउंड दोन वर्षे सहज चालतात, पुष्कळांच्या त्याहून अधिक. म्हणजे वर्षाला साडेचौदाशे. स्वस्त वस्तू महाग पडते आणि महाग वस्तू स्वस्त, हे आपल्या आया-बहिणींना भांडी घेताना कळते. आम्हाला ते चाळिशी उलटल्यावर कळले.

फ्लॅटवाउंड तारेच्या टिकाऊपणाची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटाउन या गाण्यांच्या कंपनीत जेम्स जेमरसन हे कृष्णवर्णीय वादक होते. त्यांची गिटार ३४ इंची आणि तिच्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत आणि बहुतेक वेळा उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत. त्या एका बोटावर १९६० च्या दशकातली किती गाजलेली गाणी उभी राहिली! पण तबकड्यांवर गायकाचे नाव छापले जाई, जेमरसन यांचे नाही. १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर ते पहिल्यांदा ठळकपणे आले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि मोठा मान मिळाला तो मृत्यूनंतर, २००० साली. पाया घालणाऱ्याचे नाव पाटीवर येत नाही, हे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता तार लावण्याविषयी थोडे. जुन्या सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. चार तारांची मिळून ओढ साधारण साठ किलो असते, एका माणसाच्या वजनाइतकी. ती एकदम गेली की मान हलते आणि काही गिटारींचे ब्रिज नुसत्या ओढीवर उभे असते, ते निसटून पडते. तार खुंटीत अडकवून आधी काटकोनात वळवा, मगच जास्तीची कापा. वळवण्याआधी कापाल तर वेटोळे सुटेल. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत आणि ते वरून खाली उतरत जावेत. जाडी बदलली असेल तर बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर येतो का ते पाहा. येत नसेल तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून जुळवा, किंवा जाणत्याकडून जुळवून घ्या.

वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. आपल्या दमट हवेत घाम हाच तारेचा शत्रू. राउंडवाउंड तारा मेल्या तर लगेच टाकू नका. काढून दहा मिनिटे पाण्यात उकळवा, पूर्ण सुकवा आणि पुन्हा लावा. थोडे दिवस आवाज परत येतो. ही युक्ती एक-दोनदाच चालते, पण महिनाअखेरीस तेवढीही पुष्कळ.

अशोक विजयादशमीच्या संध्याकाळी विहारासमोर कार्यक्रम झाला. पहिल्या गाण्याला ढोलकी सुरू झाली आणि तिच्या घुमणाऱ्या बाजूखाली बेसचा सूर येऊन बसला. ज्यांनी "खेळण्यातली" म्हटले होते ते कार्यकर्ते पुढच्या रांगेत होते. तिसऱ्या गाण्यानंतर ते उठून भाचीजवळ गेले आणि म्हणाले, "बेटा, चुकलो मी. मला वाटलं मोठं असलं म्हणजेच खरं." तिने वाकून जयभीम केला. त्यांचा हा मोठेपणा आम्ही मुद्दाम नोंदवतो. चुकलो म्हणणारी माणसे चळवळीत फार कमी उरली आहेत. पहिल्या दिवशी विहारात गप्प बसल्याबद्दल आम्हीही भाचीची माफी मागितली आहे. वाया गेलेले सोळाशे पन्नास रुपये मंडळाच्या वहीत खर्ची टाकले नाहीत, ते आमच्या खिशातून भरले.

काही जण विचारतील, समाजापुढे एवढे प्रश्न असताना या तारा-बिरा हव्यात कशाला? त्यांनी एवढे आठवावे की बाबासाहेबांनी राज्यघटना, कायदा आणि ग्रंथलेखन यांच्या धबडग्यात, उतारवयात, व्हायोलिनचे धडे घेतले. ज्या हातांनी कायदे लिहिले, त्या हातांनी तारेवर बोट ठेवून सूर शोधला.

आणि भगवंतांनी तर तारेतूनच धम्म शिकवला. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातला सोण भिक्खू झाला आणि पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करू लागला. तरी फळ मिळेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. भगवंतांनी त्याला प्रवचन दिले नाही. घरी असताना तू वीणा वाजवत होतास ना, असे विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर ठाऊक होते आणि त्या उत्तरातूनच प्रयत्नांचा समतोल उमगला. ही कथा विनयपिटकातल्या महावग्गात आणि अंगुत्तर निकायात आहे, आपण प्रवचनांतून ती अनेकदा ऐकतो. आम्हीही ऐकली होती. पण ओढ किती असावी हे त्या त्या वाद्याची लांबी पाहून ठरवावे लागते, हे आम्हाला भाचीच्या गिटारने शिकवले. दुसऱ्याच्या वाद्याची तार आपल्या वाद्यावर ओढून बसवली की ती खुंटीपाशी तडकते. दोष द्यायची वेळ आली की आपण तो वाद्याला देतो, नाहीतर वाजवणाऱ्या मुलीला.

म्हणून या आठवड्यात एक करा. आपल्या विहारात, मंडळात किंवा घरात एखादे वाद्य खोळीत पडून असेल तर ते बाहेर काढा. टेप घ्या, माप घ्या, मापे खोळीच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवा. आणि ते कुणाच्या हातातून सुटून कोपऱ्यात गेले, हे त्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून विचारा. चूक तिची नसेल तर तसे तिला स्पष्ट सांगा.

आमची भाची आता दर रविवारी विहारात दोन लहान मुलींना बेस शिकवते. एकीची बोटे अजून तिसऱ्या फ्रेटपर्यंत पोहोचत नाहीत. भाची तिला म्हणते, "पोहोचतील. तोवर दोनच फ्रेटवर वाजव."

जयभीम! नमो बुद्धाय!